पट्ट्यांचा पलंग आणि हिराबाईंची गादी

पलंग बघितल्याशिवाय मी गादी विकत नाही. बोईसरमध्ये हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय, आणि आवडतं फार थोड्यांना. "ताई, गादी द्या आणि मोकळ्या व्हा, पलंगाचं आमचं आम्ही बघू," असं म्हणून कितीतरी गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली. जाऊ देत. माझं दुकान अजून उघडं आहे.

दिवाळी अंकासाठी गाद्यांवर लिहिणार म्हटल्यावर घरात हशा पिकला. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, गादीवर लिहिण्यासारखं काय असतं? लोक वाचता वाचता झोपतील." मी म्हटलं, "झोपले तर माझ्या धंद्याला चांगलंच." पण बोलणं मला लागलं. माणूस दिवसभराचा सगळा शीण ज्या वस्तूवर नेऊन टाकतो, ती घेताना तो चपलांएवढासुद्धा विचार करत नाही. चपला निदान पायात घालून चार पावलं चालून बघतो. गादी पंज्याने दोनदा दाबतो आणि म्हणतो, बांधा.

मी मूळची शिरगावची. लग्न होऊन बोईसरला आले आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका फोमच्या कारखान्यात कटिंगला लागले. फोमचा ठोकळा बाहेर येतो तो पावाच्या लादीसारखा फुगलेला, पण खोलीएवढा, आणि पावासारखाच आतून गरम. तो गार होऊ द्यायचा, मग लांब पात्याच्या मशीनवर त्याचे थर कापायचे. आम्ही बायका ते थर उचलून रचायचो. रोज उचलून उचलून हाताला अशी सवय झाली की कुठला फोम लवकर बसणार आणि कुठला टिकणार ते नुसतं दाबून कळायचं. कारखाना बंद पडला, तेव्हा हाताला कळणारी ही एकच गोष्ट माझ्याजवळ होती. आमच्या ह्यांचा टेम्पो होता. मी म्हटलं, गाद्यांचं दुकान काढते. नातेवाईक म्हणाले, साड्यांचं काढ, बाईमाणसाला शोभतं. मी म्हटलं, नवी साडी बाई सणाला नेसते, झोपायचं तिला रोज असतं.

सुरुवातीला माणसं दुकानात डोकावून विचारायची, "शेट नाहीत का?" मी सांगायची, "आहेत की. बोलतायत तुमच्याशी."

आता थोडं धंद्याचं. आपल्याकडे पलंग म्हणजे पेटीचा. आत सामान, वर प्लायवूडची फळी, तिच्यावर गादी. सपाट फळीवर कुठलीही गादी चालून जाते. गेल्या काही वर्षांत मात्र पट्ट्यांचे पलंग आले. फळीच्या जागी लाकडाच्या आडव्या पट्ट्या आणि मध्ये फटी. सगळे भाग सुटे, खोक्यातून येतात, घरी जोडायचे. पालघर-बोईसरच्या नव्या इमारतींचे जिने इतके अरुंद की पेटीचा पलंग वर चढत नाही, हा चढतो. आणि आमच्या किनारपट्टीला तर हा पलंग फार मानवतो. इथल्या हवेत मीठ आणि ओल दोन्ही. बंद फळीवरच्या गादीला पावसाळ्यात खालून बुरशी धरते. पट्ट्यांमधून वारा खेळतो, गादी कोरडी राहते.

पण हा पलंग गादीच्या बाबतीत भारी चोखंदळ. कापसाची घातली तर कापूस फटींत उतरतो आणि गादीला बरगड्या दिसायला लागतात. मऊ फोम तसाच ओघळतो. काथ्याची कडक गादी वाकत नाही, पट्ट्या वाकतात, दोघांचं रोजचं भांडण, आणि शेवटी काथ्या मधोमध मोडतो. पट्ट्यांना हवी आतून घट्ट पण अंगाबरोबर वाकणारी गादी. आणि गादीच्याही आधी पट्ट्या नीट हव्यात. माझी कसोटी सोपी आहे. दोन पट्ट्यांच्या मध्ये आडवी चार बोटं बसली की ठीक. अख्खी मूठ खाली गेली, तर ती शिडी आहे, पलंग नाही. पलंग रुंद असेल तर मधोमध एक लांब दांडा आणि त्याला जमिनीवर टेकणारा पाय हवाच. हे सगळं दुकानात बसून कसं कळणार? म्हणून मी घरी जाऊन बघते.

या पट्ट्यांची लोकांना भीती फार. केमिकलच्या कंपनीतले ऑपरेटर दुबेजी बायकोला गावाहून पहिल्यांदाच इकडे आणणार होते. पलंग घेतला, आणि माझ्याकडे येऊन खालच्या आवाजात विचारलं, "भाभीजी, पट्टी के बीच से आदमी नीचे तो नहीं जाएगा?" मी त्यांचा पलंग बघून आले, पट्ट्या चांगल्या होत्या, गादी दिली. पावसाळा संपता संपता दुबेजी तणतणत आले. "आपकी गादी काली पड़ गई!" मी गेले बघायला. पट्ट्यांवर अखंड प्लायवूड टाकलेलं, त्यावर गादी, आणि गादीची खालची बाजू तव्यासारखी काळी. मी म्हटलं, "दुबेजी, ये प्लाय किसने डाला?" ते म्हणाले, "क्या करें, बीवी को डर लगता है." तशी आतून बायको हातात लाटणं घेऊनच बाहेर आली. "हमको? डर तो इनको लगता है! हम तो कब से कह रहे हैं, हटाओ." प्लायवूड त्याच दिवशी निघालं. दुबेजी अजून मला नमस्कार करतात, पण बायको बरोबर असली की जरा लांबून.

हे हसण्यावारी गेलं. सगळंच तसं जात नाही.

हिराबाई चिंचणीच्या किनाऱ्याकडच्या वस्तीतल्या. बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकण्यात जन्म गेला. बोंबील, जवळा, मांदेली. मी दुकान काढलं तेव्हापासून त्यांना टोपली घेऊन समोरून जाताना बघत होते. मध्ये बरेच दिवस दिसल्या नाहीत. मग एक दिवस काठी टेकत दुकानाची पायरी चढल्या आणि धापा टाकत खुर्चीत बसल्या.

"बाय, तुझं दुकान मी किती वरसं बघते हाय, पण कदी चढले नाय. कामच नाय पडलं. आमी चटईवरची माणसं."

"मग आज काय काम पडलं?"

"गुडघ्याचं आपरेशन झालं. आता जमिनीवर बसले का उठता येत नाय. दोगं जणं पायजेत उठवायला. एक हात माझ्या पोराचा, नरेशचा, एक सुनंचा. नरेशला कंपनीत पाळी, सुनंला बाजार. मंग मी काय करू? ती येईपातूर जमिनीवर पडून ऱ्हाऊ? परवा तशीच पडून होते." एवढं बोलून त्या थांबल्या, पदराने तोंड पुसलं. "म्हून मी पलंग घेतला. माझ्या पैशानं. चार फुटी."

"एकटीसाठी चार फुटी?"

"पाय पसरून झोपायचंय मला," हिराबाई म्हणाल्या. "सगळा जन्म मुटकुळं करून झोपले. आदी सासू बाजूला, मंग पोरं, मंग नातवंडं. आता नाय."

मी तिथेच ठरवलं की या बाईला गादी द्यायची ती चोख.

संध्याकाळी टेम्पोने चिंचणीला गेलो. पुढच्या खोलीत, खिडकीपाशी, पलंग जोडून ठेवलेला. बाहेर अंगणात बांबूच्या मांडवावर बोंबील टांगलेले. हिराबाईंची सून वंदना चहा घेऊन आली. मुलगा नरेश औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर कामाला, नुकताच पाळीवरून आलेला. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. आल्या आल्या मला म्हणाला, "ताई, काथ्याची एक पातळशी द्या. कडक बरी असते म्हणतात. भारीतली कशाला? आता या वयात, आणि किती दिवस..."

आणि थांबला. आमचे हे दारातच उभे होते, त्यांनी नजर अंगणाकडे वळवली.

"बोल ना पुडं," हिराबाई म्हणाल्या. "किती दिवस?"

नरेश खाली बघत राहिला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "नरेश, गादी देताना मी वजन विचारते, कुठल्या कुशीवर झोपता ते विचारते, पाठ कुठे दुखते ते विचारते. किती दिवस जगणार हे मी कुणालाच विचारत नाही. विचारायला लागले तर तुलासुद्धा गादी देता यायची नाही."

मग मी पलंगापाशी बसले आणि पट्ट्यांमध्ये हात घातला. मूठ खाली गेली. नुसती मूठच नाही, मनगटही गेलं. पट्ट्या पातळ, कडेच्या फळीवर नुसत्या टेकवलेल्या. मधला दांडा नाही, पाय नाही. चार फुटांच्या रुंदीला पट्टीच्या मध्यावर सगळा भार येणार. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई उठताना एका जागी जोर देते. एक पट्टी निसटली की ती सरळ खाली.

"हिराबाई, यावर मी गादी देणार नाही."

"म्हंजे?"

"पलंग बरोबर नाही. दुकानदाराला सांगा, मधला दांडा आणि आणखी पट्ट्या द्यायला."

हिराबाई भडकल्या. "गो बाय, पैसे मी देते, गादी तू देतेस, पलंगानं तुझं काय खाल्लं? पट्ट्या चांगल्या असतात, ते मला कळतंय. खालून वारा लागला नाय तर मासळी कुबटते, तशी गादी बी कुबटंल. मग पट्ट्या नको कशाला बोलतेस?"

"पट्ट्या हव्यातच. पण या पट्ट्यांमधून तुम्ही खाली याल. तुमच्या मांडवावर बांबू इतके लांब लांब ठेवता का?"

त्या अंगणातल्या मांडवाकडे बघत बसल्या. नरेशने दुकानात फोन लावला, पालघरमधलं ते फर्निचरचं मोठं दुकान, नाव लिहीत नाही. तिकडून उत्तर आलं, "सगळ्यांना असाच जातो. चालतो. गादीवालीला जाड गादी खपवायची असेल." नरेशने फोन स्पीकरवर ठेवला होता, सगळ्यांनी ऐकलं. त्याने माझ्याकडे बघितलं ते थोड्या संशयानेच. मी चहाचा कप खाली ठेवला आणि निघाले. परतताना टेम्पोत हे म्हणाले, "दिली असतीस तर काय झालं असतं?" मी म्हटलं, "ती पडली असती."

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडते तर हिराबाई पायरीवर काठी टेकून उभ्या. बाजूला सुक्या बोंबलांची पिशवी.

"चल."

"कुठे?"

"पालघरला. मांडवाचं बोललीस ते रातभर डोक्यात बसलं. तो शेट माझ्या तोंडावर बोलू दे, चालतं म्हून."

मी कुलूप परत लावलं. आमच्या ह्यांनी टेम्पो काढला.

दुकान चकाचक. काचेचं दार, आत गार हवा, ओळीने मांडलेले पलंग, त्यांवर पांढऱ्या चादरी. हिराबाई काठी वाजवत आत गेल्या आणि आपला पलंग ओळखून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "हाच दाखवलान मला." आणि त्यावर बसल्या. बोंबलांची पिशवी उशीपाशी ठेवली.

मालक पुढे आले. चेहऱ्यावर हसू, नजर पिशवीवर. "मावशी, काल फोनवर सांगितलं ना, चालतं म्हणून."

"हो, बोललास. मंग तू बी बस."

"मी कशाला?"

"तू बस, नि तुजे दोन कामगार बसव. माझ्या घरातल्या पलंगावर, ह्यावर नाय. तिकडे येऊन बस. चालतं ना?"

मालक माझ्याकडे वळले. आवाज चढवून, आजूबाजूच्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे सगळं तुम्ही शिकवलंय. गाद्या विकणाऱ्यांची हीच रीत. आपला माल खपला नाही की पलंगाला नावं ठेवायची."

असे आरोप मला नवीन नव्हते. पण त्या दिवशी माझ्यामुळे एक म्हातारी बाई काठी टेकत तिथवर आली होती, आणि मला खोटं पाडून तिला घरी पाठवायचा त्यांचा बेत होता. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. खाली बसले, चादर वर केली, गादीचा कोपरा उचलला आणि हात घातला.

मूठ आत जाईना. चार बोटंच बसली.

मी आणखी वाकले. मधोमध जाड दांडा होता, आणि त्याला खाली टेकलेला पाय. पट्ट्या जाड, स्क्रूने आवळलेल्या. दाखवायला ठेवलेला पलंग आणि हिराबाईंच्या घरी गेलेला पलंग वरून एकसारखे होते. चादरीच्या खाली दोन वेगळ्या वस्तू होत्या.

"हिराबाई," मी मोठ्याने म्हटलं, "याला मध्ये पाय आहे. तुमच्या पलंगाला नाही."

शेजारी एक जोडपं पलंग बघत होतं. त्यातली बाई लगेच वाकून आपल्यासमोरच्या पलंगाखाली बघायला लागली. मग तिचा नवरा. मग आणखी एक गृहस्थ. मालक म्हणाले, "हे डिस्प्लेचं मॉडेल आहे मावशी. घरी जातं ते थोडं वेगळं असतं."

"मंग मला हा दे."

"हा डिस्प्लेचा आहे. हा विकायचा नाही."

"मंग मी बी डिस्प्लेचीच हाय," हिराबाई म्हणाल्या, आणि दोन्ही पाय वर घेऊन पांढऱ्या चादरीवर ऐसपैस बसल्या.

त्यानंतर त्या जागच्या हलल्या नाहीत. नोकराने "आजी, चहा घ्या, बाहेर बसा" म्हणून बघितलं. हिराबाईंनी चहा घेतला, बाहेर काही गेल्या नाहीत. दुपार झाली तसं त्यांनी भाकरीचं फडकं सोडलं आणि तिथेच बसून भाकरी खाल्ली. मलाही अर्धी दिली. गार हवेच्या यंत्राने बोंबलांचा वास सगळ्या दुकानात समान वाटला. येणारं गिऱ्हाईक काचेच्या दारातच नाक मुरडून विचारी, काय झालं? हिराबाई प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत. विकण्यात जन्म गेलेली बाई, आवाज पार मासळी बाजारातला. मालकांनी पोलिसांना बोलवायची भाषा केली. हिराबाई म्हणाल्या, "बोलव. त्यांनला बी पलंगाखाली वाकून बघू दे."

शेवटी मालकांनी नरेशला फोन केला. तो काम टाकून मोटरसायकलवर आला, कामाचे कपडे अंगावर, लाजेने तोंड लाल झालेलं. "आई, ऊठ. लोक बघतात. घरी चल."

"उठता येत नाय," हिराबाई म्हणाल्या. आतापर्यंतचा बाजाराचा आवाज गेला होता. "तेच तर तुला सांगते हाय रे. दोन महिने सांगते. मला माझं माझं उठता येत नाय. परवा तुमी कोणी नव्हता तवा जमिनीवर पडून होते मी, न्हाणीपातूर जाता आलं नाय. तुला बोलले नाय. लाज वाटली. पलंग काय मी हौसंनं घेतला?"

नरेश तसाच उभा राहिला. मग तो गुडघ्यांवर बसला, चादर उचलली आणि खाली बघितलं. हात घालून बघितला. मधला पाय हलवून बघितला. उठला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती.

"शेट," तो म्हणाला, "जो दाखवला तो पलंग द्या. आत्ता. नाहीतर मी पण बसतो."

आणि खरंच आईच्या शेजारी बसला.

ते जोडपं, ते गृहस्थ, आणखी दोघंतिघं, सगळे मालकांकडे बघत होते. मालकांनी शेवटी गोदामातून दांडा, पाय आणि पट्ट्या काढून दिल्या. सुतारही बरोबर दिला. वर म्हणाले, "माणुसकी म्हणून देतोय." हिराबाई उठता उठता म्हणाल्या, "माणुसकी तुज्याकडं ठेव. पट्ट्या मोजून दे."

मग गादी. तिथेही त्यांनी मला सुखाने काम करू दिलं नाही. मी तिसऱ्या दिवशी पक्क्या फोमची एक गादी घेऊन गेले. हिराबाई झोपल्या आणि म्हणाल्या, "ही गादी हाय का बंदरावरची फरशी?" लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय की म्हाताऱ्या माणसाला कडक गादी बरी. कुशीवर झोपणाऱ्या म्हाताऱ्या बाईचा खांदा नि खुबा कडक गादीवर रात्रभर ठणकतो, हे कुणी विचारात घेत नाही. दुसरी नेली ती मऊ होती, पण उंच. हिराबाई कडेला बसल्या तर पाय हवेत लोंबायला लागले. पाय जमिनीला टेकले नाहीत तर त्या उठणार कशा? गुडघा काटकोनात, तळपाय सपाट जमिनीवर, एवढी उंची आली पाहिजे. कमी झाली तर उठताना गुडघ्यावर जोर, जास्त झाली तर घसरायची भीती. पट्ट्यांच्या पलंगाची उंची बदलता येत नाही, म्हणून गादीची जाडी त्यावरून ठरवायची. शेवटी मी ओळखीच्या कारागिराकडून तशी करवून घेतली. खाली घट्ट थर, वर बोटभर मऊ, जाडी हिराबाईंच्या गुडघ्याच्या मापाची. वर सुती खोळ, धुता येणारी.

ती टाकली तेव्हा घरातले सगळे जमले होते. हिराबाई झोपल्या. कूस बदलली. परत बदलली. मग पाय पसरले, जितके पसरता येतील तितके. मग कडेला आल्या, पाय खाली सोडले, तळपाय जमिनीला टेकले, पलंगाच्या कडेवर हात दाबला. नरेश हात द्यायला पुढे झाला.

"सर," त्या म्हणाल्या.

आणि उठून उभ्या राहिल्या. एकट्या. काठी भिंतीला टेकलेली होती, ती त्यांनी नंतर घेतली.

मी पुष्कळ गाद्या विकल्या. तारापूरच्या कंपन्यांच्या साहेबांना, हॉटेलांना, लग्नाच्या रुखवतात द्यायला आलेल्या मामा-काकांना. पण धंदा कशासाठी केला असं कुणी विचारलं तर मला ते उभं राहणं आठवतं. आता मोबाइलवर चित्र बघून गादी मागवतात. गुंडाळलेली येते, खोक्यातून काढली की फुगते. काही चांगल्या असतात, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण खोकं आणून टाकणारा माणूस पलंगाखाली वाकत नाही, आणि बाईला विचारत नाही की तुम्ही कुठल्या कुशीवर झोपता. हे विचारणं कमी होत चाललंय, त्याचं वाईट वाटतं. माझी मुलं म्हणतात, आई, आता बंद कर, वय झालं. मी म्हणते, माझं वय झालंय, दुकानाचं नाही.

गेल्या महिन्यात हिराबाई परत आल्या. या खेपेला बरोबर सून. वंदना आता त्यांच्या जागी बाजारात बसते. मासळीच्या पाट्या उचलून पाठ धरलेली, चालताना एका अंगाला कललेली. ती दुकानाच्या दारातच उभी राहिली.

"हिला गादी दे," हिराबाई म्हणाल्या. "पलंग घेतलाय तिला. तुला न दाखवता घेतला, चिडू नको. हे मधल्या पायाचं चित्र, नरेशनं माझ्या फोनात घातलंय."

चित्र बघितलं. पलंग बरोबर होता.

"मला नको गो ताई," वंदना म्हणाली. "मी कुठं झोपते? सकाळी पाण्याला उठायचं, मग बाजार. मला चटई पुरते."

"ती नकोच बोलंल," हिराबाई मला म्हणाल्या. "तिचं ऐकू नको. झोपव तिला."

माझ्या दुकानात पट्ट्यांचा एक पलंग मांडलेला आहे. गिऱ्हाइकाला गादीवर झोपवून बघायला. मी त्यावर गादी टाकली आणि वंदनाला म्हटलं, "चपला काढ, आणि तू झोपतेस तशी झोप." तिने आजूबाजूला बघितलं. रस्त्यावरून माणसं जात होती. मी दारावरचा पडदा ओढून घेतला. ती कडेला टेकली, मग आडवी झाली, पदर सारखा केला, पाय पोटाशी घेतले.

"पाय सोड," हिराबाई म्हणाल्या.

तिने पाय सोडले. मी तिच्या कमरेखाली हात सरकवून बघितला. फट राहत होती, म्हणजे ही गादी थोडी कडक. दुसरी आणायला मी आत गेले. ती घेऊन बाहेर आले तर हिराबाईंनी ओठांवर बोट ठेवलेलं.

वंदना झोपली होती. भर दुपारी, बोईसरच्या बाजारात, तोंड थोडं उघडं, एक हात गादीवरून खाली लोंबत. बाहेर रिक्षांचे भोंगे वाजत होते. ती हलली नाही.

हिराबाईंच्या फोनवर नरेशचा फोन आला. "आई, वंदना कुठाय? तिचा फोन लागत नाही."

"झोपलीय."

"झोपलीय? आता?"

"हो, आता," हिराबाई म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

एवढ्यात एक गिऱ्हाईक पडदा बाजूला करून आत आलं, शर्ट खोचलेले गृहस्थ, बरोबर बायको. पलंगाकडे बोट दाखवून म्हणाले, "आम्हाला अशाच पलंगावर टाकायला गादी हवीय. जरा त्या बाईंना उठवता का? झोपून बघायचंय."

मी म्हटलं, "पलंग रिकामा नाही. थांबायचं असेल तर खुर्च्या बाहेर आहेत."